ओट्यावर ठेवलंय

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त शुद्धलेखनाच्या चुका काढायला. कुणाला घाटात पांढरी बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागे कुणीतरी येऊन बसतं... मी वाचते, "हं" म्हणते आणि भाजी चिरायला घेते. एकोणतीस वर्षं लोणावळ्यात एका शाळेत क्लार्क आहे मी. ज्या कागदाची आवक-जावक रजिस्टरला नोंद नाही, तो कागद माझ्या लेखी जगातच नाही. शिक्षक लोक मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते बरोबरच म्हणतात.

शिवाय आमच्या घरात असलं काही चालत नाही. यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा पवनेच्या पाण्यात सोडला आणि त्याच्याबरोबर भूत, मुंजा, खवीस, अंगात येणं, सगळंच सोडलं. भिंतीवर दोन फोटो, बाकी काही नाही. आम्ही आत्मा मानत नाही. माणूस गेला की गेला, मागे राहतं ते त्याचं काम. आमचे हे गेल्यापासून दर वर्षी पुण्यानुमोदनाला पाहुणे जमतात, तेव्हा हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगते. न रडता सांगते.

म्हणूनच पुढचं लिहायला मला आठ महिने लागले. हसायचं असेल तर खुशाल हसा. मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

आमचं घर वलवणला. धरणाच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटं. खाली दोन खोल्या, वर एक. हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते, मूळचे परंदवडीचे. माझी मुलगी प्रज्ञा आठवीत होती तेव्हा घरात पहिला कॉम्प्युटर आला, सुटे भाग जोडून घेतलेला, आणि खालच्या खोलीत बसला. पुढे तिच्या डिप्लोमाला दुसरा घेतला, तो वर. झालं! सिग्नलचा माणूस तो... दोन डबे एकाच घरात आणि एकमेकांशी बोलत नाहीत म्हणजे काय? खिडकीतून वायर नेली, जिन्याच्या कठड्याला खिळे मारले, आणि दोन्ही बोलायला लागेपर्यंत हा माणूस जेवायला उठला नाही. मी तीनदा आमटी गरम केली.

खालच्या कॉम्प्युटरवर यांनी एक फोल्डर केलं. त्यात खालून काही ठेवलं की वर दिसायचं, वरून ठेवलं की खाली. नाव दिलं OTA. ओटा.

मी म्हटलं, "काहीतरी बरं नाव द्या. ओटा काय ओटा?"

"आगं, ओटाच हाय त्यो," हे म्हणाले. "कुणीबी ठिवावं, कुणीबी न्यावं."

प्रज्ञानं विचारलं, "पप्पा, पासवर्ड काय टाकू?"

"आपल्या ओट्याला कुलूप न्हाई," हे म्हणाले, आणि विषय संपला. त्यांच्या आजोबांना गावात दुसऱ्यांच्या ओट्याची पायरी चढता येत नव्हती. खाली उभं राहायचं, वरून कडेला ठेवतील ते उचलायचं. हे त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण पासवर्ड त्यांनी का टाकू दिला नाही, ते मला तेव्हाच कळलं.

आता घराघरातले घोटाळे कसे होतात बघा. आमच्या स्वयंपाकघरातही ओटा आहेच की! गॅसचा. त्यामुळे "ओट्यावर ठेवलंय" म्हटलं की निम्म्या वेळा चुकीच्या ओट्यावर बघितलं जायचं. एकदा प्रज्ञानं हाक मारली, "आई, माझा रिझल्ट ओट्यावर ठेवलाय," आणि मी पिठाच्या हातांनी कुकरमागे, डब्यांमागे रिझल्ट शोधतेय! दोघं बापलेक पोट धरून हसले. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

मराठी टायपिंग यांना मी शिकवलं. मी टायपिंगच्या परीक्षा दिलेली बाई, दहा बोटं चालतात माझी, खाली न बघता. हे दोन बोटांनी, कोंबडी दाणे टिपते तसे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते. जुन्या टाइपरायटरची पद्धत तीच. मी घसा फोडून सांगायची, "वेलांटी आधी, मग अक्षर!" हे नेमकं उलटं करायचे. माझं नाव सविता. हे 'व' आधी दाबायचे, वेलांटी मागून, मग ती जाऊन बसायची 'त'च्या डोक्यावर, आणि पडद्यावर यायचं 'सवति' आणि पुढे एक काना.

"माझ्या नावाची सवत केली तुम्ही!" मी म्हणायची.

"येकच बायको झेपंना, सवत कुटं आणू?" हे म्हणायचे.

आमची भांडणं ठरलेली असायची. मी ताडताड बोलून मोकळी, हे गप्प. समोरासमोर बोलणं यांच्या जिवावर यायचं. मग दोन-तीन दिवसांनी खालून टकटक ऐकू यायची, थांबत थांबत. आणि जिन्याखालून आवाज, "ओट्यावर ठिवलंय." मी वर कॉम्प्युटर लावून बघायची. चार ओळी असायच्या. निम्म्या वेलांट्या चुकलेल्या. राग कुठल्या कुठे जायचा.

पुढे प्रज्ञा लग्न होऊन तळेगावला गेली, सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, आणि ओट्याचं कुणाला काही राहिलं नाही. तीन-चार वर्षं असं काही आलंच नाही.

आता ती सकाळ सांगते. ही सांगायला सगळ्यात अवघड आहे, म्हणून पटकन सांगते.

यांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती. मनात आलं, परंदवडीला वाटणीच्या जागेत घर बांधायचं आणि तिकडे जाऊन राहायचं. मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, का? आणि मी जे बोलायला नको ते बोलले. "तुमच्या गावानं तुम्हाला काय दिलं हो, एवढा उमाळा यायला? ज्यांच्या ओट्याखाली आजोबा उभे राहिले त्यांच्या शेजारी जाऊन बसायचंय?"

तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, पाठमोरी. हे ड्यूटीला निघाले होते. स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि म्हणाले,

"ओट्यावर ठिवलंय. बग."

मी मान वळवली. गॅसच्या ओट्यावर दुधाची पिशवी होती. नुकतीच आणून ठेवलेली, पाणी ठिबकत होतं तिच्यातून. मला असा राग आला! तीन दिवस माणूस तोंड उघडत नाही, आणि उघडतो ते दुधासाठी! मी म्हटलं, "दिसतंय मला. डोळे आहेत."

हे क्षणभर तिथेच उभे राहिले. मग "बरं" म्हणाले आणि गेले. साडेदहाला फोन आला. स्टेशनवरच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

म्हणजे नवऱ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य, "दिसतंय मला. डोळे आहेत." आणि त्यांचं माझ्याशी, दुधाच्या पिशवीबद्दल. सहा वर्षं मी हेच धरून चालले होते.

वरचा कॉम्प्युटर पुतण्याला दिला. खालच्याचा तो अवजड डबा-मॉनिटर भंगारात गेला. कॅबिनेट तेवढं राहिलं, त्यावर माझ्या जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं. टाकवेना.

गेल्या वर्षी आषाढात प्रज्ञा नवा लॅपटॉप घेऊन आली, माझ्यासाठी. वायफाय वगैरे सगळं लावलं. तिचा लॅपटॉप आणि माझा एकमेकांना जोडला, आणि नातवाचे फोटो पाठवले. मी स्वयंपाकघरात होते. ती बाहेरून ओरडली, "आई, फोटो ओट्यावर ठेवलेत गं!"

आणि मी गॅसच्या ओट्याकडे बघितलं.

खरं सांगते, हातातली कढई खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. दुधाची पिशवी तर ते रोजच आणून ठेवायचे! सबंध संसारात एकदा तरी मला "बग" म्हणून सांगितलं होतं का? दूध काय बघायचं असतं? कढई हातात घेऊनच मी बाहेर आले आणि प्रज्ञाला म्हटलं, "पप्पांनी माझ्यासाठी काहीतरी ठेवलं होतं. तुमच्या त्या ओट्यावर. आणि मी बघितलंच नाही गं."

पोरगी माझ्यासारखी नाही, बापासारखी आहे. उठून कव्हर काढायला लागली.

जुनं कॅबिनेट चालू झालं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला. पण मॉनिटर नाही, म्हणजे आत काय आहे ते दिसायला मार्ग नाही. प्रज्ञा म्हणाली, "पाच मिनिटांचं काम आहे. वायरनं राऊटरला जोडते, ओटा तुझ्या लॅपटॉपवर उघडू." ती पाच मिनिटं दोन रविवार चालली. नव्या लॅपटॉपला जुना दिसेचना. तिनं सांगितलं, जुने कॉम्प्युटर ज्या पद्धतीनं बोलतात ती पद्धत आता बंद केलीय, धोक्याची म्हणून. ती तिनं कुठून तरी चालू केली. मग एकदा यादीत नाव आलं, VALVAN. यांनी ठेवलेलं नाव. मला हुंदकाच आला. प्रज्ञानं त्यावर क्लिक केलं, तर लॅपटॉप पासवर्ड मागायला लागला.

"पासवर्ड नाहीये त्याला," मी म्हटलं.

"तेच तर आई. नव्या मशीनला बिनपासवर्डचं चालत नाही. कुलूप नसलेल्या घरात ते पाऊलच टाकत नाही."

मी म्हटलं, "मग चुलीत घाल ते नवं मशीन!" पण राग लॅपटॉपचा नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

दुसऱ्या रविवारी ती काहीतरी करत असतानाच जुन्या डब्यातून आवाज यायला लागला. टक्... टक्... टक्. थांबत थांबत. प्रज्ञानं झटकन स्विच बंद केला आणि म्हणाली, "डिस्क गेली बहुतेक." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. सहा वर्षं तो डबा माझ्या घरात धडधाकट होता, आणि मी त्याच्यावर साडी घालून बसले होते.

बुधवारी कॅबिनेट कामशेतला सुदामभाऊंकडे पोचवलं. भाऊ यांचे जुने मित्र, कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्यांचं. त्यांनी कानाला लावून ऐकलं, डॉक्टर ऐकतात तसं, आणि मान हलवली.

"वहिनी, ह्याचं काय खरं न्हाई. डोकं आपटतीया डिस्क. लय जुनी हाय. पर मधुकरची हाय म्हणून बगतो. आठ दिस द्या."

"भाऊ, एकच फाईल हवीय. बाकी सगळं गेलं तरी चालेल."

"कंची फाईल?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानंतरचा रविवार. दुपारचे साडेतीन. भुशी धरणाला जाणाऱ्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत आलेली, हॉर्न नुसते कोकलत होते, त्यामुळे मी कुठे बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. नातवाचे फोटो बघावेत म्हणून लॅपटॉप उघडला. प्रज्ञानं दाखवलं होतं तसं नेटवर्कवर गेले. यादीत VALVAN होतं.

मला आनंदच झाला. वाटलं, भाऊंनी दुरुस्त करून चालू केला असणार, काहीतरी इंटरनेटवरून जोडलं असणार. मला त्यातलं काय कळतंय? मी क्लिक केलं. पासवर्ड मागितला नाही. आत OTA. त्यावर क्लिक केलं. आत एकच फाईल.

तिचं नाव होतं lfork.

तुम्हाला हा इंग्रजी कचरा वाटेल. प्रज्ञाला नंतर दाखवलं तर ती म्हणाली, "हा कसला काटा-चमचा?" पण माझी बोटं की-बोर्डवर होती, आणि बोटांना आधी कळलं. फाईलच्या नावाला मराठी फॉन्ट लागत नाही. पण मराठी टाइप करता करता माणूस त्याच नादात नाव टाकून गेला, तर त्याच बटणांची इंग्रजी अक्षरं उमटतात. l म्हणजे स. f म्हणजे पहिली वेलांटी. o म्हणजे व. r आणि k, ता.

सविता.

आणि वेलांटी 'व'च्या आधी होती. जिथे हवी तिथे. सबंध आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं माझं नाव बरोबर टाइप केलं होतं.

माझी क्लार्कची सवय सुटत नाही. आलेला कागद आधी झेरॉक्स, मग वाचन. फाईल मी पहिल्यांदा माझ्या डेस्कटॉपवर कॉपी केली. ती आजही तिथे आहे. मग उघडली. सगळा इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा, कारण तो जुना फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर नव्हता. मी थांबले नाही. एकेक अक्षर बघत गेले आणि ते बटण बोटानं नुसतं शिवत गेले, न दाबता. शब्द हाताला लागत गेले. वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. वेलांट्या दुरुस्त करून इथे देते. त्यांना आवडलं नसतं, पण मला चुका तशाच ठेवणं जमत नाही.

"सविता, घराचं राहू दे. तू बोललीस ते मला लागलं, पण खोटं नव्हतं. गावानं काही दिलं नाही हे तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

मला घर नकोच होतं बघ. ओटा पाहिजे होता. आपल्या मालकीचा. त्यावर मी बसीन, तू शाळेतून येशील, येणारा-जाणारा दोन शब्द बोलेल, एवढंच. काल विचार केला, त्याला परंदवडी कशाला? आपल्या दाराम्होरं जागा आहे. मोजली. सहा फूट बाय तीन. चपलांचं कपाट तेवढं हलवावं लागेल.

राग गेला असला तर संध्याकाळी चहाला हाक मार. नसला गेला तरी मार."

एवढंच.

एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्या सकाळी मी म्हटलं, "दिसतंय मला", आणि हे "बरं" म्हणाले. म्हणजे त्यांना वाटलं मी वाचलंय! वाचलंय, आणि तरी पाठ फिरवून डबा भरतेय. तेवढंच घेऊन गेला हो माझा माणूस. संध्याकाळी हाक येईल की नाही, याचा विचार करत जिना चढला असेल स्टेशनचा.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. कोरी फाईल घेतली. जुन्याच पद्धतीनं, खाली न बघता, टाइप केलं, "चहा टाकलाय. या." नाव दिलं vgks. त्या बटणांवर ते 'अहो' होतं. जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नाही, आता काय घेणार? ती फाईल कट केली आणि ओट्यावर ठेवली. कॉपी नाही, कट. चिठ्ठी द्यायची तर अख्खी द्यावी, असं काहीतरी मनात आलं.

आणि उठून खरंच चहा टाकला. लिहिलंय म्हटल्यावर टाकायला नको? आलं किसून घातलं. परत येऊन बघते तो VALVAN यादीत नव्हतं. पुन्हा पुन्हा शोधलं. नव्हतं.

भाऊंचे आभार मानायला फोन लावला. म्हटलं, "भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? मिळाली फाईल!"

"कंची फाईल, वहिनी?"

"अहो, तुम्ही आत्ता कॉम्प्युटर चालू केलात ना?"

"कसला चालू? त्यो उगडा पडलाय टेबलाव. डिस्क काढून माज्या ड्रावरमदी ठिवलीया, गुरुवारपासनं. आन आज रविवार हाय वहिनी, दुकान बंद हाय. मी घरी हाय... बऱ्या हाव ना तुमी?"

मी म्हटलं, बरी आहे. फोन ठेवला. खाली बघितलं. जुन्या कॅबिनेटला लावलेली वायर तशीच फरशीवर पडलेली होती, टोक मोकळं.

प्रज्ञाला फोन केला, तशी ती त्याच संध्याकाळी त्या गर्दीतून गाडी घालून आली. तिनं डेस्कटॉपवरची फाईल बघितली, पत्र वाचलं, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मग डोळे पुसून तपासायला बसली. तिचं म्हणणं, पहिल्या रविवारी यादीत नाव आलं होतं तेव्हाच एखादी फाईल कशी तरी इकडे ओढली गेली असेल. मी विचारलं, "मग ती डेस्कटॉपवर आल्याची वेळ आजची दुपारची का?" ती म्हणाली, "ते मलाही कळत नाही." बरं, हा लॅपटॉप तर यांच्या पश्चात सहा वर्षांनी घेतलेला, त्यांनी याला हात लावलेलाच नाही.

सुदामभाऊंनी डिस्क पुण्याला एका माणसाकडे पाठवली. महिन्यानं परत आली. काहीही निघालं नाही. आतली तबकडी खरवडून गेली होती, तो माणूस म्हणाला ही डिस्क एक अक्षर वाचून देऊ शकत नाही.

राहिली माझी चिठ्ठी. vgks. प्रज्ञानं सगळा लॅपटॉप पालथा घातला, कचरापेटीसुद्धा. ती कुठेच नाही. प्रज्ञा म्हणते, "आई, त्या गडबडीत तू सेव्हच केली नसशील." असेल. एकोणतीस वर्षांत मी एक कागद सेव्ह करायला विसरलेली नाही, पण असेल. आणि नसेल, तर ओट्यावर ठेवलेलं ज्याचं त्यानं नेलं.

आम्ही आत्मा मानत नाही. यंदाच्या पुण्यानुमोदनालाही मी ते वाक्य म्हटलं. फक्त या वेळी ते पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं, आणि पाहुण्यांना वाटलं वय झालं. मला कुणी स्पष्टीकरण दिलं तर हवंच आहे. पण खरं सांगू? दिलं नाही तरी माझं अडलेलं नाही. मला फक्त एवढंच कळून घ्यायचंय, की हाक पोचली का. आणि ते सांगणारं कुणी नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गवंडी बोलावला. दारासमोर ओटा बांधला, सहा फूट बाय तीन. चपलांचं कपाट हलवावं लागलं. संध्याकाळी शाळेतून आले की तिथे चहा घेऊन बसते. येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो.

आमचा दूधवाला इकडच्याच खेड्यातला आहे, बोली यांचीच. हे गेल्यावर दूध तोच आणून द्यायला लागला; आधी पिशवी दाराच्या कडीला अडकवायचा, आता ओट्यावर ठेवतो आणि फाटकातूनच आवाज देतो, "म्याडम, ओट्यावर ठिवलंय, बगा!"

हातातलं काम टाकून मी बाहेर येते. दुधाचीच पिशवी असते. तरी मी रोज नीट बघते.